मधूनच उठता न येणारे खेळ

आषाढ अर्धा सरला की आमच्या घरातल्या मिठाला पाणी सुटतं, काड्यापेटी शेगडीजवळ ठेवली तरी काडी ओढली जात नाही, आणि पत्ते एकमेकांना चिकटतात. मग मी ते स्टीलच्या ताटात पसरून गॅसच्या कडेला ठेवते, पापड वाळवावेत तसे. परवा शेजारच्या नलूवहिनी विरजण मागायला आल्या आणि ताट बघून हसल्या. यंदा पत्त्यांचे सांडगे घातलेस काय गो, म्हणाल्या. मीही हसले. हसता हसता हात मात्र पानं मोजत होते, कारण एक पान हरवलं तर डाव मोडतो, आणि डाव मोडला तर माणूस उठून जातो. ही धास्ती आता बाळगायचं काही कारण नाही. ज्यांच्यासाठी ती होती ते पडवीत कुणाच्या तरी होडीच्या इंजिनाचा पंप उघडून बसले होते, हात कोपरापर्यंत काळे. तरी मी बावन्न मोजली. एकदा नाही, दोनदा मोजली.

कोकणात पावसाळा म्हणजे आधी बेगमी. सुकट, सोडे, आमसुलं, कुळीथ, लाकडं, पडवीला लावायची माडाच्या झावळ्यांची झापं, मेणबत्त्या. चार महिने घरात कोंडून घ्यायचं तर मे महिन्यातच सगळी तजवीज हवी, हे आमच्या हाडात मुरलेलं आहे. तीन वर्षांपूर्वी मी बेगमीच्या यादीत खेळ लिहिले. सुकटीच्या खाली आणि मेणबत्त्यांच्या वर. बाजारातल्या स्टेशनरीच्या दुकानदाराने चौकशी केली, मुलं किती वर्षांची आहेत, म्हणजे तसा खेळ दाखवतो. मी म्हटलं, एक पंधरा आणि एक नऊ. तिसऱ्याचं वय बेचाळीस होतं, ते मी त्याला सांगितलं नाही.

हे जहाजावर इंजिनरूमला होते, लग्नाच्याही आधीपासून. आमच्या वाडीत दर दोन घरांआड एका घरचा पुरुष पाण्यावर असतो, त्यामुळे त्यात नवल काही नाही. नऊ महिने तिकडे, तीन महिने इकडे. जहाजावरून माणूस आला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याची बॅग उघडायची, ही इथली रीत. आमंत्रण कुणी करत नाही, पण सगळी जमतात, पायरीशी चपलांचा ढीग होतो, आणि साबण, चॉकलेटं, विजेऱ्या वाटता वाटता तो माणूस चार समुद्रांच्या गोष्टी सांगतो. त्यातल्या निम्म्या थापा असतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्या वैशाखात हे नवाऐवजी पंधरा महिन्यांनी आले. जहाज परमुलखातल्या कुठल्याशा बंदराबाहेर नांगरून पडलं होतं, मालकांचं आपसात काही भांडण होतं, आणि कुणाला उतरू देत नव्हते. आल्या आल्या बॅग त्यांनी पलंगाखाली सारली. संध्याकाळी माणसं आली, चहा पिऊन, इकडचं तिकडचं बोलून, पलंगाकडे न बघता गेली. आमची धाकटी, ईशा, तेवढी दोनदा पलंगाखाली डोकावून आली.

महिनाभर मी थकवा, थकवा म्हणत राहिले. मग एकदा मी गवार मोडत बसले होते आणि हे समोर होते, तेव्हा डाळीत मीठ कमी आहे म्हणावं इतक्या साध्या आवाजात ते म्हणाले की आता जगण्याचा कंटाळा आलाय. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी मी त्यांना गावातल्या एका डॉक्टरबाईंकडे नेलं. बाई घाई करणाऱ्या नव्हत्या. यांच्याशी तासभर बोलल्या आणि मग मला आत बोलावलं. औषध देते, पण ते लागू पडायला काही आठवडे जातील, म्हणाल्या. पुढचं मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे.

"तेवढे आठवडे त्यांना एकटं सोडू नका. आणि पहारा ठेवलाय असं मात्र त्यांना वाटू देऊ नका."

परत येताना रिक्षात मी याच वाक्याशी झटत होते. यातलं पहिलं अर्धं मला जमलं असतं, दुसरं अर्धं कसं जमवायचं? मी बालवाडीत शिकवते. एकवीस पोरांना एका जागी ठेवायची एकच विद्या मला येते, ती म्हणजे खेळ लावून देणं. खेळात बसलेल्या पोराला आपण कोंडलेले आहोत हे कळत नाही. बाप्या माणसाला कसं बसवायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं, पण दुसरं काही सुचलंही नाही. बालवाडीतून मी रजा घेतली. वाडीत सांगितलं, यांना विश्रांती सांगितलीय. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि आमच्याकडे तर मुठीकडे बघायला माणसं पडवीपर्यंत येतात. मुलींनाही मी खरं सांगितलं नाही. बाबा कितीतरी दिवसांनी घरी आहेत, तर पावसाळाभर दुपारी दोन ते सहा आपण चौघांनी मिळून खेळायचं, एवढंच सांगितलं.

सकाळी औषधाच्या गुंगीतून उठता उठता त्यांना बारा वाजायचे. रात्री मी जागी असायचे. दुपार वाईट होती. जेवण झालं की हे पडवीत जाऊन खाडीकडे तोंड करून बसायचे, आणि मला आतून त्यांची फक्त पाठ दिसायची. मुलींची शाळा सकाळची, एक वाजता दोघी यायच्या. सायली, थोरली, दहावीला होती. दोन ते सहा हे तिचे अभ्यासाचे तास. पहिल्या आठवड्यात ती रोज कुरकुरायची. आई, मला सराव परीक्षा आहे. आई, ईशाला घे, मला सोड. मी तिच्यावर खेकसायचे, बाप वर्षातून एकदा दिसतो, त्याच्यासाठी चार तास नाहीत का तुला. दहावीच्या पोरीला पुस्तकावरून उठवून पत्त्यांना बसवणारी आई अख्ख्या रत्नागिरीत मी एकटीच असेन.

फोनवर मी शोधलं होतं, कुटुंबाने घरी एकत्र खेळायचे मजेदार खेळ. याद्यांवर याद्या आल्या. प्रत्येक यादीच्या डोक्यावर एक फोटो, त्यात पांढरा सोफा, चौघं जण, आणि चौघांचेही सगळे दात दिसतायत. वयोगट दिलेला होता, वेळ किती लागेल ते होतं, बुद्धीला चालना मिळते की स्मरणशक्तीला, तेही होतं. कुठल्या खेळातून माणूस मधूनच उठून जाऊ शकत नाही, हे कुणी लिहिलं नव्हतं. मला एवढंच हवं होतं. मी फोन उपडा ठेवला.

कॅरम घरात होता, पण आषाढात त्याची फळी फुगली, पावडरीचा लगदा झाला आणि स्ट्रायकर अर्ध्यातच थांबायला लागला. हे दोनदा मारून बघायचे आणि हात मांडीवर ठेवून द्यायचे. ल्युडोचा फासा हे टाकायचे, सोंगटी मात्र ईशाच पुढे सरकवायची. बाबांना सहा पडले हेही तिनेच सांगायचं. भेंड्या लावल्या तर यांच्यावर अक्षर आलं की सगळं गप्प व्हायचं, फक्त पागोळ्यांचा आवाज. मुली मग माझ्याकडे बघायच्या. त्यांना बापाची सवयच नव्हती. बाबा, तुमची पाळी, हे त्या इतक्या बेताने म्हणायच्या, जणू पाहुण्याला दुसऱ्यांदा भात वाढू का म्हणून विचारतायत. आणि हेही पाहुण्यासारखेच, नको म्हणता येत नाही म्हणून घ्यायचे.

नाव-गाव-फळ-फूल या खेळाची मला मोठी आशा होती, कारण त्यात बोलावं लागत नाही. एकदा म आला. सायलीने गाव लिहिलं मंडणगड, ईशाने मुंबई, मी मिऱ्या. यांनी लिहिलं होतं मोंबासा. असं गाव नसतंच, ईशा म्हणाली, ती गुण द्यायला तयार होईना. हे तिच्याकडे बघत राहिले. असतं गो, मी सहा दिवस होतो तिथे, म्हणाले, आणि स्वतः उठून सायलीचा नकाशांचा संग्रह घेऊन आले. तिथल्या बाजारात आंबे कसे मिळतात आणि आपल्या हापूसपुढे कसे पाणचट लागतात ते सांगितलं. चार वाक्यं बोलले असतील. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. दुसऱ्या दिवशी द आला. दाभोळ हे यांचं आजोळ, लहानपणीच्या सगळ्या सुट्या यांनी तिथल्या बंदरावर काढलेल्या. आम्ही तिघींनी दाभोळच लिहिलं होतं. यांचा कागद कोरा होता, आणि पेन्सिल कागदावर आडवी ठेवलेली होती.

लोक म्हणतात, खेळात वेळ कसा जातो कळत नाही. मला कळायचा. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा दोनवरून अडीचवर यायला किती डाव लागतात, सव्वाचारला चहा टाकला तर पाच कसे गाठता येतात, याचा हिशेब मी मनात करत बसायचे. सहा वाजले की एक दिवस पदरात पडला. औषधाचा एक दिवस. मी कॅलेंडरवर खूण करत नव्हते, कारण ती यांना दिसली असती.

मग झब्बूचा दिवस आला. झब्बूत ज्याची पानं आधी संपतात तो सुटतो, बाकीचे खेळत राहतात, आणि शेवटी ज्याच्या हातात पानं उरतात त्याच्यावर झब्बू. मला हे का माहीत नव्हतं? जन्मभर खेळत आले. पण त्या दुपारी मी भजी तळायला आत गेले होते. मुली ओरडल्या, बाबा सुटले, आणि लगेच दोघींची सत्तीवरून जुंपली. मी ताट घेऊन बाहेर आले तर दोघी पानांवर वाकलेल्या आणि यांची जागा रिकामी. पडवीचं झाप बाजूला सारलेलं होतं. छत्री खुंटीलाच होती.

आमच्या घरापासून खाडीपर्यंत पाखाडी उतरते, जांभ्याच्या पायऱ्यांची वाट. पावसात तिच्यावर शेवाळ धरतं, आम्ही पोरांना तिथे पळू देत नाही. मी अनवाणी पळाले. दोनदा पडले, उठले. हे खाली धक्क्यावर उभे होते, अगदी कडेच्या दगडावर, आणि भरतीचं पाणी त्या दगडाला लागलं होतं. मी हाक मारली नाही. दचकतील अशी भीती वाटली. मागून जाऊन त्यांचा शर्ट मुठीत धरला, पाठीकडून, गच्च. त्यांनी वळून बघितलं. असाच आलो होतो, म्हणाले. भजी निवतायत, मी म्हटलं. दोघं भिजत वर आलो, आणि दारापर्यंत मी तो शर्ट सोडला नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात झब्बू बंद. बदाम सात बंद, गुलामचोर बंद. ज्यात कुणी तरी आधी मोकळं होतं ते सगळे खेळ बंद. डॉक्टरबाईंना मी संध्याकाळीच फोन केला, त्यांनी यांना दुसऱ्या दिवशी बोलावलं, औषध वाढवलं, आणि आता तर डोळ्याआड होऊ देऊ नका म्हणाल्या. ईशाला झब्बू फार आवडायचा, तिने का म्हणून विचारलं. मला आवडत नाही, मी म्हटलं. तिने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

उरला मेंढीकोट. त्याला चारच जण लागतात, तीन चालत नाहीत, पाचही चालत नाहीत. समोरासमोर बसलेल्या दोघांची जोडी, आणि शेवटचं पान पडेपर्यंत चौघांच्याही हातात पानं. चार दस्से, त्यांनाच मेंढ्या म्हणायचं, ते जास्त ज्यांच्याकडे ती जोडी जिंकली. मधूनच उठलं तर जोडीदाराचा घात होतो आणि बाकीच्यांचा डाव मोडतो. हा खेळ माझ्यासारख्याच कुणा बाईने शोधला असावा असं मला वाटायचं. तोवर सायलीची कुरकुरही थांबली होती. शाळेतून आली की ती जेवायची, चटई अंथरायची आणि पानं पिसायला घ्यायची. पोर एकदाची ऐकायला लागली, असं मला वाटलं. चाचणीत तिला गणितात कमी पडले, शाळेतल्या बाईंनी मला बोलावून घेतलं. मी खाली मान घालून ऐकलं आणि दोनच्या आत घरी आले. नलूवहिनींनीही एकदा खडसावलं, पोरीचं वरीस दहावीचं नि तू तिला पत्ते कुटायला बसवत्येस, घोव घरात आला म्हणून येडी झालीस काय. मी म्हटलं, झालेय खरी.

त्यातच मी एक घोडचूक केली. मुलींना आत बोलावून सांगितलं, बाबांना जिंकवा. बालवाडीत रडक्या पोराला आम्ही असंच जिंकवतो, त्याला बरं वाटतं. हे आणि ईशा एका जोडीत असायचे, मी आणि सायली दुसऱ्या. पाच दिवस आम्ही दोघी हातातले दस्से त्यांच्या पुढ्यात टाकत राहिलो. चारही मेंढ्या मिळवून त्यांचे कोटावर कोट होत होते आणि ईशा चटईभोवती नाचत होती. सहाव्या दिवशी यांनी पानं उपडी ठेवली आणि माझ्याकडे बघितलं.

"माझ्या राजावर सायलीने दस्सा टाकला. एक्का तिच्याच हातात होता. मी आजारी असेन, पण मला पानं कळतात."

मग ते उठले. मी दाराच्या बाजूला सरकले, बसा ना, चहा टाकते, असं काहीबाही बोलले. पण ते बाहेर गेलेच नाहीत. आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले, आणि तीन दिवस चटईवर आले नाहीत.

ते तीन दिवस मला अजून विसरता येत नाहीत. मी खोलीच्या उंबऱ्यात शिवण घेऊन बसायचे. एकाच परकराला मी तीन दिवस टीप घालत होते आणि उसवत होते. आता पहारा दिसत होता. त्यांना दिसत होता आणि मलाही. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, माझी काडी बावन्न पानांची होती आणि ती मीच मोडली होती. मला भीती वाटत होती आणि भीतीच्या खाली राग होता. पंधरा वर्षं मी एकटीने घर चालवलं, पोरींचे ताप काढले, कौलं शाकारून घेतली, ते काय या पाठीकडे बघत बसण्यासाठी, असं मनात यायचं. आणि लगेच वाटायचं, देवा, पाठ तरी दिसू दे. देवापुढे मी नवस बोलले नाही. नुसतीच उभी राहिले.

चौथ्या दिवशी ईशा आत गेली. तिला कुणी पाठवलं नव्हतं. तिने त्यांचा हात धरून ओढला. बाबा, चला ना, आज मी आईकडून खेळणार आहे आणि तुम्हाला हरवणार आहे, म्हणाली. हे उठून बसले, लुंगी नीट केली आणि आले. त्या दिवशी ते सपाटून हरले. चारही मेंढ्या आमच्याकडे. शेवटच्या हाताला त्यांच्या कपाळाला बारीकशी आठी पडली, हरणाऱ्या कुठल्याही माणसाला पडते तशी. ती आठी बघून मला जे वाटलं ते लग्नाच्या दिवशीही वाटलं नसेल.

आता सायली कोल्हापूरला शिकते. दहावीला तिला जेवढे पडायला हवे होते तेवढे पडले नाहीत, आणि का, ते वाडीत कुणाला कळलं नाही. नलूवहिनी अजून अधूनमधून आठवण करून देतात. हॉस्टेलवर पावसाच्या दिवसांत मुली पत्ते काढतात, त्यात ती बसत नाही म्हणे. ती फोन करते रोज. कशी आहेस, जेवलीस का, हे सगळं नंतर येतं. पहिला प्रश्न ती तिकडे गेल्यापासून तोच आहे, बाबा काय करतायत. मी म्हणते, पंप उघडून बसलेत. मग पलीकडून सुस्कारा ऐकू येतो. ती फोन तोंडापासून लांब धरते, पण मला ऐकू येतो. हे आता बरे आहेत, गोळी एकच उरली आहे, जहाजावर पुन्हा जाणार नाही म्हणतात. घरातलं आजारपण गेलं. ते कुणाकुणाच्या अंगातून अजून गेलेलं नाही, हे त्या सुस्काऱ्यावरून कळतं. आणि त्याला मी काय करू, हे मला कळत नाही. तिच्या चार तासांचं मी काय केलं, हे मला ठाऊक आहे म्हणून तर आषाढ आला की मी अशी पत्ते मोजत बसते.

त्या वर्षी श्रावण लागला होता. ऊन पडत होतं, पाऊस येत होता, पुन्हा ऊन पडत होतं. औषध लागू पडतंय की नाही ते कुणालाच नक्की सांगता येत नव्हतं. मी किती दिवस सलग झोपले नव्हते ते मलाच ठाऊक नाही. एका दुपारी डाव चालू असताना, हातात पानं धरलेली असतानाच, मी बसल्या जागी कलंडले. जाग आली तेव्हा अंगावर चादर होती. चटईवर कुणी नव्हतं. माझ्या हातातली पानं कुणीतरी काढून घेतली होती. घड्याळात साडेचार वाजले होते, म्हणजे दोन तास मी नव्हतेच. मी उठले ती भिंत धरतच.

हे पडवीत होते. सायली त्यांच्या समोर बसली होती, दोघांच्या मध्ये पाट, पाटावर पत्त्यांचे ढीग. ईशा नलूवहिनींकडे गेली होती. मला बघून हे म्हणाले, उठलीस, चहा करतो, आणि खरोखरच आत गेले. आल्यापासून त्यांनी स्वतःहून पाण्याचा पेलाही घेतला नव्हता. मी पाटाशी टेकले. भीती उतरली की राग येतो, तसा आला. पाटाकडे बघून मी सायलीवर चिडले, भिकार-सावकार खेळताय? एक पान मी टाकायचं, एक तू टाकायचं, काही डोकं नको, शिशुवर्गातली पोरं खेळतात हा खेळ.

"याला दोघंच पुरतात," ती म्हणाली. "आणि हा संपत नाही. म्हणून काढला."

मी मला का उठवलं नाहीस म्हणून विचारलं. तिने पानं सारखी केली. ती बसली होती तिथून स्वयंपाकघराचं दार सरळ दिसत होतं, जागा तिने तशीच निवडली होती. आवाज खाली घेऊन ती म्हणाली,

"झब्बूच्या दिवशी मी तुझ्यामागून आले होते, आई. वरच्या पायरीवर होते. तू बाबांचा शर्ट धरलास ते मी बघितलं. मग दगडी गडग्याच्या कडेने तुमच्या आधी परत आले."

तिची कुरकुर कधी थांबली, चटई कोण आधी अंथरायचं, ईशाला डाव सोडून उठू कोण देत नव्हतं, एकेक आठवायला लागलं. मी सांगितलं म्हणून तिने मुकाट्याने दस्से टाकले होते, बाबांच्या लक्षात येईल हे ठाऊक असून. ज्याच्यापासून मी तिला जपत होते ते ती रोज दुपारी दप्तर खाली ठेवून माझ्या शेजारी बसून करत होती, आणि तिला कळलंय हे मला कळू नये म्हणून तेही लपवत होती. स्वयंपाकघरात कप वाजला. तिने मान तिकडे वळवली, आवाज नीट ऐकून घेतला, आणि मगच माझ्याकडे बघितलं. ते मान वळवणं माझं होतं. ते तिला पंधराव्या वर्षी आलं होतं.

"तू आत जाऊन झोप," ती म्हणाली. "सहापर्यंत मी आहे."

मी नको म्हणायला हवं होतं. तुझा अभ्यास कर, हे तुझं काम नाही, असं म्हणायला हवं होतं, कुठल्याही आईने म्हटलं असतं. मी उठले. आत गेले, चादर ओढली. पंधरा वर्षांच्या पोरीवर तिचा बाप सोपवून मी आडवी झाले, आणि मला इतकी गाढ झोप लागली की सहा कधी वाजून गेले ते कळलंच नाही.